टोटची कुळकथा

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पैसे लावायच्या दोन वाटा आहेत. बुकीकडे गेलात तर त्याने दिलेल्या भावाला सौदा पक्का होतो आणि घोडा जिंकला की पैसे त्याच्या खिशातून येतात. टोटच्या खिडकीवर असा समोरचा कोणी नसतो. सगळ्यांचे पैसे एका पुलात, म्हणजे सामायिक रकमेत, जमतात, कर आणि क्लबचा वाटा कापला जातो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. म्हणजे तुमचा सामना इतर पैसे लावणाऱ्यांशी असतो.

ही पद्धत पॅरिसची. मूळचा कॅटलोनियाचा असलेल्या जोसेफ ओलेरने ती १८६७च्या सुमारास सुरू केली. पुढे ‘मूलाँ रूज’ हे नाचगाण्यांचे थिएटर उभारणाऱ्यांपैकी एक तो हाच. आधी फ्रेंच कायद्याने त्याला जुगारी ठरवून शिक्षा केली, मग १८९१मध्ये त्याच्याच पद्धतीला मान्यता दिली. बुकीच्या मर्जीवर भाव ठरू नये, हा तिचा मोठा गुण होता.

पण हाताने चाललेल्या हिशेबावर लोकांचा भरवसा बसणे अवघड होते. तिकिटे अनेक खिडक्यांवर विकली जायची आणि बेरीज मागून यायची. त्यावर तोड काढली जॉर्ज ज्युलियस या ऑस्ट्रेलियातल्या इंजिनिअरने. त्याने यंत्र मुळात निवडणुकीतली मते मोजण्यासाठी आखले होते. सरकारने ते नाकारले, तेव्हा त्याने ते शर्यतींकडे वळवले. १९१३मध्ये ऑकलंडच्या एलर्स्ली रेसकोर्सवर ते बसले: पियानोच्या तारा, सायकलच्या साखळ्या, कप्प्या आणि लोखंडी वजनांचे खोलीभर जंजाळ. खिडकीवर तिकीट निघाले की बेरीज तिथल्या तिथे वाढायची आणि आकडे सगळ्या मैदानाला दिसायचे. ज्युलियसचे वडील न्यूझीलंडमध्ये बिशप होते आणि जुगाराचे विरोधक होते, तरी मुलाच्या यंत्राने जुगाराच्या हिशेबात सचोटी आणली हे मान्य करायलाच हवे.

संगणक आले आणि पैसे लावणाऱ्यांमधली बरोबरी डळमळली. १९८०च्या दशकात हाँगकाँगमध्ये बिल बेंटर आणि ॲलन वुड्स यांनी घोड्यांच्या नोंदींवरून जिंकण्याच्या शक्यता काढायला सुरुवात केली. त्यात मला काही गैर वाटत नाही. अभ्यास हीच या खेळातली कमाई. खटकते ते शेवटचे मिनिट. समजा पुलात १ लाख रुपये आहेत, कपात २० टक्के, तुमच्या घोड्यावर १० हजार. रुपयाला ८ रुपये दिसतात, तुम्ही पैसे लावता. गेट उघडायच्या क्षणी असा हिशेब करून पैसे लावणाऱ्या एखाद्या गटाचा संगणक त्याच घोड्यावर आणखी १० हजार टाकतो. आता १ लाख १० हजारांतून ८८ हजार उरतात आणि ते २० हजारांवर वाटायचे. तुमच्या हाती ४ रुपये ४० पैसे. घोडे धावत असताना भाव जवळजवळ निम्मा झालेला कळतो, तेव्हा हात बांधलेले असतात.

शिवाय अमेरिकेत अशा मोठ्या गटांना लावलेल्या रकमेचा काही भाग परत मिळतो. म्हणजे एकाच पुलात त्यांची कपात कमी, साध्या माणसाची पूर्ण. न्यूयॉर्कमध्ये विनचा (पहिल्या येणाऱ्या घोड्यावरचा) पूल या गटांसाठी शर्यतीच्या दोन मिनिटे आधी बंद करण्याचा नियम आला, तो योग्यच. सर्वांना एकच कपात आणि सर्वांना एकच वेळ, या दोन अटी पाळल्या जात नसतील तर त्या पुलाला सामायिक म्हणू नये.