तत्सम आणि तद्भव : लिनक्सवरील विंडोज लायब्रऱ्या

एका संगणकव्यवस्थेची सामग्री दुसरीत वापरण्याचे यत्न पुष्कळ झाले आहेत. त्यांपैकी विंडोजच्या लायब्रऱ्या लिनक्सवर आणण्याचा यत्न भाषाभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटावा असा आहे.

वाईन प्रकल्प बॉब अॅमस्टॅट व एरिक यंगडेल यांनी १९९३ मध्ये आरंभिला. १९९४ पासून त्याची धुरा अलेक्सांद्र ज्युलियार यांनी वाहिली. वाईन म्हणजे एम्युलेटर नव्हे, असे त्याचे नावच बजावते आणि ते यथार्थ आहे. विंडोजच्या सेवा येथे नव्याने लिहिल्या आहेत. यंत्रभाषा मात्र प्रोसेसर जशीच्या तशी वाचतो. ह्याच प्रकल्पातील वाईनलिबमुळे, मूळ संहिता हाती असल्यास, ती लिनक्सवर पुन्हा संकलित करता येऊ लागली. कोरेलने २००० मध्ये वर्डपर्फेक्ट ऑफिस लिनक्सवर आणले ते ह्याच मार्गाने. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत ह्यास तद्भव म्हणावयास हरकत नाही.

तत्समाचे उदाहरण एमप्लेअरचे. त्या काळी कित्येक चित्रफिती उलगडणाऱ्या लायब्रऱ्या केवळ विंडोजसाठी मिळत, त्याही संहितेवाचून. म्हणजे तद्भवाची वाट बंदच. तेव्हा वाईनमधील लायब्ररी चढविणाऱ्या भागाच्या आधारे ती डीएलएल लिनक्सच्या कार्यक्रमातच उतरविण्यात आली. अडचण शब्दांची नव्हती, अन्वयाची होती. विंडोजच्या ३२-बिट रूढीत स्टॅक बोलाविलेले फंक्शन आवरते. लिनक्सच्या सी रूढीत ते काम बोलाविणाऱ्याचे. शिवाय एफएस रजिस्टरपाशी आपल्या थ्रेडची माहिती सापडेल, असे डीएलएल गृहीत धरते. यजमानाला ती सारी परिस्थिती कृत्रिमरीत्या उभी करावी लागे.

ह्या उसनवारीचे मोल लहान नव्हते. ३२-बिट इंटेल पद्धतीच्या यंत्रभाषेबाहेर ती निरुपयोगी होती. आणि परक्या लायब्ररीतील दोष आपल्याच कार्यक्रमाच्या स्मृतीत नांदू लागे, तो दुरुस्त करण्याचा अधिकार नसताना. फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये आरंभिलेल्या एफएफएमपेगमध्ये त्या संकेतपद्धती हळूहळू नव्याने लिहिल्या गेल्या, तशी तिची गरज ओसरली. तरीही तिला केवळ तडजोड म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मधली वर्षे तिनेच निभावून नेली.

पुढे हेतूच पालटला. २०१७ मध्ये टॅव्हिस ऑर्मंडी यांनी विंडोज डिफेंडरचे इंजिन लिनक्सवर चालवून दाखविले. त्यांचा लोडर एनडीआयएसरॅपरपासून, म्हणजे विंडोजचे नेटवर्क ड्रायव्हर लिनक्सवर चालविणाऱ्या साधनापासून, सिद्ध झाला होता. परकी लायब्ररी येथे आणली गेली ती तिची सेवा घेण्यासाठी नव्हे. लिनक्सवरील साधनांनी तिच्यावर अव्याहत विकृत माहितीचा मारा करून तिच्यातील दोष हुडकण्यासाठी.