सौदा आणि त्याग : छोट्या जलपरीचा प्रवास

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील मुलांना ‘द लिटल मरमेड’ हा कार्टूनपट दाखविला होता. जलपरी एरियलचे राजपुत्राशी लग्न झाले, चित्रपट संपला आणि मुलांनी टाळ्या वाजविल्या. मागच्या बाकावर बसलेल्या एका आजी मात्र आपल्या नातीला म्हणाल्या, “बाय, खरी गोष्ट अशी नाही. मी वाचलेल्या पुस्तकात ती बिचारी मरते.” नात रडवेली होऊन माझ्याकडे आली. “फादर, आजी खोटं सांगते ना?”

आजी खोटे सांगत नव्हत्या. परंतु चित्रपटानेही केवळ मुलांना खूश करण्यासाठी शेवट बदलला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एकच कथा वेगवेगळ्या काळांत सांगितली जाते, तेव्हा प्रेमाची किंमत कोणी मोजावी, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळ आपापल्या परीने देत असतो. त्या उत्तरांचा हा छोटासा इतिहास.

डेन्मार्कमधील ओडेन्स या गावी २ एप्रिल १८०५ रोजी एका चांभाराच्या घरी हान्स ख्रिश्चन अँडरसनचा जन्म झाला. त्याची आई लोकांचे कपडे धुऊन संसाराला हातभार लावीत असे. एप्रिल १८३७ मध्ये कोपनहेगन येथे त्याच्या परीकथांची एक पुस्तिका प्रसिद्ध झाली. तीत ‘छोटी जलपरी’ ही कथा होती.

या कथेतील जलचर तीनशे वर्षे जगतात आणि मग समुद्राचा फेस होऊन विरून जातात, कारण त्यांना आत्मा नसतो. माणसाचे आयुष्य अल्प, पण त्याचा आत्मा अमर. जलपरीची आजी तिला सांगते, एखाद्या माणसाने तुझ्यावर आईवडिलांहून अधिक प्रेम केले आणि धर्मगुरूने त्याचा उजवा हात तुझ्या हाती देऊन चिरंतन निष्ठेचे वचन त्याच्याकडून घेतले, तरच त्याच्या आत्म्याचा अंश तुला लाभेल. म्हणजे अँडरसनची नायिका केवळ देखण्या राजपुत्रासाठी झुरत नाही. तिला प्रेमही हवे आहे आणि अमरत्वही.

त्यासाठी ती चेटकिणीकडे जाते आणि सौदा करते. जीभ कापून देऊन आवाज गमावते व त्या बदल्यात दोन पाय मिळविते. पण प्रत्येक पाऊल टाकताना सुरीवर चालल्यासारख्या वेदना होतील आणि राजपुत्राने दुसरीशी लग्न केले, तर दुसऱ्याच सकाळी तिचा अंत होईल, अशी अट असते. वादळातून आपल्याला कोणी वाचविले, हे राजपुत्राला ठाऊक नाही आणि मुकी जलपरी ते सांगू शकत नाही. तो दुसऱ्या राजकन्येशी विवाह करतो.

त्या रात्री तिच्या बहिणी समुद्रातून वर येतात. आपले केस चेटकिणीला देऊन त्यांनी एक सुरी आणलेली असते. सूर्योदयापूर्वी ती सुरी राजपुत्राच्या काळजात खुपसली, तर जलपरी पुन्हा आपल्या घरी परतू शकेल. ती झोपलेल्या नवदांपत्यापाशी जाते, राजपुत्राच्या कपाळाचे चुंबन घेते आणि सुरी समुद्रात भिरकावून देते.

वाचकहो, या कथेत जलपरी दोनदा निवड करते आणि या दोन निवडींत मोठे अंतर आहे. आवाज देऊन पाय घेतले, तो सौदा होता. त्यात तिला काही मिळवायचे होते. सुरी फेकली, तेव्हा मिळविण्यासारखे काहीच उरले नव्हते. राजपुत्राला तिच्या या कृत्याची कधी वार्ताही लागणार नव्हती. पहिल्या निवडीत ओढ आहे. त्याग दिसतो तो दुसरीत. तिने मरण पत्करले ते जीवनाला कंटाळून नव्हे. दुसऱ्याचा जीव घेऊन आपला वाचविण्याचे तिने नाकारले.

कथा तेथेही संपत नाही. जलपरी वायुकन्यांमध्ये जाते आणि तीनशे वर्षे सत्कृत्ये केल्यावर तिलाही अमर आत्मा लाभेल, असे आश्वासन मिळते. जर्मन लेखक फुके याच्या ‘उंडीने’ (१८११) या कथेत जलकन्येला माणसाशी विवाह केल्याने आत्मा मिळतो. अँडरसनला हे मान्य नव्हते. आत्म्याचे भवितव्य दुसऱ्या जिवाच्या प्रेमावर अवलंबून ठेवू नये, असे त्याने १८३७ मध्येच आपल्या मित्राला पत्राने कळविले होते. आपला जोडीदार कितीही चांगला असला, तरी तो आपला तारणारा होऊ शकत नाही, हे या परीकथेतील मर्म आपल्या श्रद्धेला परके नाही.

कोपनहेगनच्या किनाऱ्यावर १९१३ साली एडवर्ड एरिक्सन या शिल्पकाराने घडविलेला जलपरीचा पुतळा बसविण्यात आला. पुढे ही कथा कार्टूनपटांत उतरली. सोव्हिएत संघात १९६८ साली इव्हान अक्स्योन्चुक याने तिच्यावर एक लघुपट केला, तर जपानमधील तोएई या संस्थेने १९७५ साली पूर्ण लांबीचा चित्रपट काढला. या दोन्ही चित्रपटांनी शोकांत शेवट टाळला नाही.

अमेरिकेतील डिस्ने संस्थेच्या मनात ही कथा १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून घोळत होती. काय निल्सन या डॅनिश चित्रकाराने त्यासाठी रेखाटनेही केली होती. प्रत्यक्ष चित्रपट पडद्यावर आला तो नोव्हेंबर १९८९ मध्ये. रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर यांनी तो दिग्दर्शित केला. येथे अमर आत्म्याचा प्रश्न उरला नाही आणि सुरीही उरली नाही. सोळा वर्षांची एरियल चेटकीण अर्सुलाच्या करारपत्रावर सही करते. तीन दिवसांत राजपुत्राने खऱ्या प्रेमाचे चुंबन घेतले नाही, तर ती अर्सुलाची बंदी होणार असते.

मग या चित्रपटातून त्याग नाहीसा झाला काय? नाही, तो दुसऱ्याच्या खांद्यावर गेला. मुदत संपते तेव्हा एरियलचा पिता, समुद्राचा राजा ट्रायटन, मुलीच्या जागी स्वतःला बंदी करून देतो. राजपुत्र एरिकही स्वस्थ बसत नाही. जीव धोक्यात घालून तो अर्सुलाचा अंत करतो. शेवटी ट्रायटन मुलीला पाय देतो आणि तिला आपल्यापासून दूर जाऊ देतो. वेदीपर्यंत लेकीचा हात धरून येणारे आणि तेथे तो हात सोडणारे बाप मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. तो क्षण सोपा नसतो. मात्र एक उणीव राहतेच. सौदा मुलीने केला आणि त्याची किंमत बापाने मोजली. एरियलला सुरी फेकण्याची वेळ आलीच नाही.

जपानच्या हायाओ मियाझाकी यांनी २००८ साली ‘पोन्यो’ या चित्रपटात हीच कथा पाच वर्षांच्या मुलापर्यंत आणली. बालक सोसुकेचे प्रेम खरे ठरले नाही, तर पोन्यो ही मत्स्यबालिका फेस होऊन जाणार असते. म्हणून तिची आई सोसुकेला विचारते : ती मूळची मासोळी आहे हे जाणूनही तू तिचा स्वीकार करशील का? तो होकार देतो आणि पोन्योही मानवी जीवनासाठी आपली जादू सोडायला तयार होते. येथे एकजण मुका आणि दुसरा अजाण, अशी स्थिती नाही. दोघांनाही विचारले जाते आणि दोघेही उत्तर देतात.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. विवाहपूर्व मार्गदर्शनाला येणाऱ्या तरुण-तरुणींना मी सांगतो की, विवाह उभा राहतो तो दोघांच्या मुक्त संमतीवर. आणि संमतीसाठी आवाज लागतो. जलपरीच्या त्यागाचे गोडवे गाऊन घरातल्या सुनेला वा मुलीला ‘तूही मुकाट्याने सोस’ असे कोणी सांगू नये. अँडरसनने तिचे मौन चेटकिणीच्या सौद्यातून आलेले दाखविले आहे. तिचा सद्गुण म्हणून नव्हे. तिचा सद्गुण सुरी फेकणाऱ्या हातात आहे. आणि तशी सुरी संसारात दोघांच्याही हाती कधी ना कधी येते. कठोर शब्दांच्या रूपाने येते, जुन्या चुकीच्या आठवणीच्या रूपाने येते. ती वापरली, तर आपण जिंकू, हे ठाऊक असूनही ती टाकून द्यावी लागते, आणि पुष्कळदा जोडीदाराला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्या चिमुरडीला मी एवढेच म्हणालो, “बाळ, आजी खरं सांगते. जलपरीला राजपुत्र मिळाला नाही, पण तिने त्याला मारलंही नाही.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे ती खरंच चांगली होती.” आणि आजीकडे जाऊन तिने संपूर्ण गोष्ट सांगण्याचा हट्ट धरला.