स्लाइडमधून थेट प्रयोगाकडे

पॉवरपॉइंट २० एप्रिल १९८७ रोजी मॅकिन्टॉशसाठी बाजारात आले. कॅलिफोर्नियातील फोरथॉट या लहानशा कंपनीचे ते उत्पादन. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. पुढे स्लाइडवरील चित्राला वा बटणाला कृती जोडण्याची सोय झाली. सादरीकरण चालू असताना त्यावर क्लिक केले, की चित्रफीत, संकेतस्थळ किंवा स्वतंत्र प्रोग्रॅमदेखील सुरू होतो.

शिक्षकांच्या दृष्टीने ही सोय मोलाची. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील आवारात ‘फेट’ प्रकल्प आरंभला. त्यातील अनेक विज्ञानप्रयोग मराठीतही उपलब्ध आहेत. अमेरिकेत वाढणाऱ्या मुलांना मराठीतून विज्ञान भेटण्याचे प्रसंग मुळात थोडे. तेथे स्लाइडवरील एक दुवा पुष्कळ काही साधतो.

अडचण टिकाऊपणाची आहे. २०१० च्या आवृत्तीपासून चित्रफीत सहसा फाइलमध्येच साठवली जाते. प्रोग्रॅमचा मात्र केवळ पत्ता नोंदला जातो. संगणक बदलला, की बटण मुके! अनोळखी प्रोग्रॅम घातक असू शकतो म्हणून सुरक्षेची सूचनाही आडवी येते, आणि ते योग्यच. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला, आणि त्यावर बेतलेल्या असंख्य स्लाइड निर्जीव झाल्या. फेटने आपले बरेच प्रयोग एचटीएमएल५ मध्ये नव्याने रचले आहेत. जुन्या स्लाइडमधील दुवे मात्र शिक्षकांनाच बदलावे लागतात.