पाणी बदलायचे की राखायचे?

माकणीत, तेरणेच्या धरणाकाठी समुद्राच्या काचपेटीवर व्याख्यान म्हटले की मंडळी हसणारच. पण याच नदीच्या वरच्या अंगाला तेर आहे. 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक ग्रंथात त्याचे नाव 'तगर' असे येते, आणि तिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जाई. तेव्हा समुद्र आपल्याला अगदीच परका नाही.

प्रवाळ ठेवलेल्या टाकीचे खारे पाणी किती दिवसांनी बदलावे? या प्रश्नाचा इतिहास 'बदलूच नये' या उत्तरापासून सुरू होतो. 1850 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडले की मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा मेळ बसला तर तेच पाणी चालत राहते. पुढे त्याने समुद्राच्या पाण्यावरही प्रयोग केले. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले.

आम्हाला खरा माणूस वाटतो तो विल्यम लॉइड. 1871 च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात त्याने दर्शनी टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा हौद खाली अंधारात बांधला आणि तेच समुद्राचे पाणी पंपाने सतत फिरवत ठेवले. समुद्र दूर, पाणी महाग. मग फेकायचे कशाला? हा हिशेब मराठवाड्याच्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पण लॉइडचे पाणी का टिकले, याचा उलगडा नंतर झाला. 1877 मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी दाखवले की अमोनियाचे नायट्रेट होते ते सूक्ष्मजीवांमुळे. 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्कीने ते जीव वेगळे काढले. विष असे उतरते, नायट्रेट मात्र साचत जाते. माशांना ते बरेच सोसते, प्रवाळाला कमी. शिवाय प्रवाळ सांगाडा बांधायला पाण्यातले कॅल्शियम ओढून घेते. म्हणजे एक वस्तू वाढते, दुसरी घटते, आणि पाणी बदलल्याने दोन्ही थोडीथोडी सावरतात.

म्हणून आजचा रिवाज: आठवड्याला साधारण 10 टक्के, किंवा पंधरवड्याला 20. गणित करून पाहा. 100 लिटरच्या टाकीत चार आठवडे 10-10 लिटर बदलले, तरी जुने पाणी सुमारे 66 लिटर उरते. नदीत दोनदा उतरता येत नाही म्हणणाऱ्या हेराक्लिटसला ही टाकी दाखवायला हवी होती! बरं, एकदम अर्धे बदलले तर? क्षार आणि तापमान झटक्यात हलतात. प्रवाळाला ते मानवत नाही. आणि बाष्पीभवनाने पाणी घटले तर गोडेच घालायचे, कारण मीठ मागेच राहिलेले असते.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये समुद्राकाठीच उभे राहिले. इथे मात्र मीठ विकत घ्यायचे, बोअरचे पाणी आरओतून काढायचे, आणि घरगुती आरओ गाळते त्याहून जास्त बहुधा फेकते. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, हे आपण पाहिले आहे. त्यात समुद्रातून प्रवाळ काढणे आपल्याकडे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे हौशी मंडळी सोयीस्कर विसरतात.

आमच्या मते या भागात टाकी मोठी, मासे मोजके आणि अन्न बेताचे ठेवावे. नायट्रेट मोजावे, मगच बादली उचलावी. आणि काढलेले खारे पाणी झाडांना, शेताला घालू नये. पाणी उडून जाईल, मीठ मातीत राहील.