धूळपाटी : मुलांच्या स्वावलंबी शिक्षणाचें एक जुनें साधन

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणारांस पोथी, बखर, सनद व महजर यांचें मोल सांगावयास नको. परंतु ज्या हातानें तीं अक्षरें उमटलीं तो हात लहानपणीं कसा तयार झाला, हा प्रश्न आपल्या संशोधनांत क्वचितच विचारला जातो. कारण उघड आहे. सनद ही जपून ठेवण्याची वस्तु; धूळपाटी लिहून झाली कीं पुसावयाची. साधनाचा जो गुण तोच त्याच्या पुराव्याच्या मुळावर आला. तथापि भाषा, प्रवासवृत्तें व ग्रंथ यांत जे अवशेष राहिले आहेत ते एकत्र मांडले असतां असें दिसतें कीं, धूळ पसरणें, ती सारखी करणें, चुकलेलें पुसणें, लेखणी तासणें हीं लहानसहान कामें शिक्षणाबाहेरचीं नव्हतीं. मुलास आपल्या पायांवर उभें करणाऱ्या शिक्षणाचा तो पायाच होता. एवढेंच प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम भाषेचा पुरावा घेऊं. 'धुळाक्षरें' हा शब्द आज आपण कोणत्याही विद्येच्या आरंभास लावतों. पण मूळ अर्थ अगदीं शब्दशः आहे. फळीवर बारीक धूळ पसरावी, ती तळहातानें सारखी करावी, पंतोजीनें एक अक्षर काढून द्यावें व मुलानें त्याच वळणावरून बोट किंवा काडी पुनःपुन्हा फिरवावी. यालाच 'गिरविणें' म्हणत. हात बसल्यावर मग पाटी, कित्ता व शेवटीं कागद. कागद महाग असल्यामुळें ही व्यवस्था काटकसरीनें सुचली असेल. परंतु तिचा परिणाम काटकसरीपुरता राहिला नाहीं. धुळींतील चूक कायमची नसते. ती मुलाच्या स्वतःच्या डोळ्यांस दिसते, स्वतःच्या हातानें मोडतां येते, आणि फळी पुन्हा कोरी होते. दुसऱ्या कोणाकडून कांहीं मागून घ्यावें लागत नाहीं.

हें केवळ आमचें अनुमान नव्हे. इ. स. १६२३ मध्यें पिएत्रो देला व्हाले हा इटालियन प्रवासी गोव्याहून निघालेल्या पोर्तुगीज वकिलाबरोबर होनावरमार्गें घाट चढून इक्केरीच्या नायकाकडे जात होता. वाटेंत एका देवळाच्या ओसरीवर चार मुलें अंकगणिताचा पाठ करीत असलेलीं त्यानें पाहिलीं. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली होती. मुलें एका सुरांत पाठ म्हणत व म्हणतां म्हणतां तेंच बोटानें वाळूंत लिहीत. जागा भरली कीं हातानें पुसत, आणि लागल्यास नवी वाळू टाकीत. जवळ शिक्षक कोणी नव्हता. चुकलांत किंवा विसरलांत तर सांगणार कोण, असें या प्रवाशानें विचारलें, तेव्हां चौघेही एकाच वेळीं एकच गोष्ट विसरणें शक्य नाहीं, अशा आशयाचें उत्तर मुलांनीं दिलें. प्रवाशास तें पटलें, व आम्हांसही त्याहून बोलका पुरावा ठाऊक नाहीं. गुरूच्या अनुपस्थितींत मुलें आपलें साधन आपण सिद्ध करून आपला अभ्यास आपण तपाशीत होतीं, हें परक्या माणसानें डोळ्यांनीं पाहून लिहिलें आहे.

दुसरा पुरावा मद्रासचा. इ. स. १७८९ मध्यें तेथें लष्करी लोकांच्या मुलांकरितां एक अनाथालय निघालें; त्याचा देखरेखकार अँड्र्यू बेल यानें मलबारी मुलें वाळूंत बोटानें लिहीत असलेलीं पाहून तीच रीत आपल्या शाळेंत सुरू करण्याचें ठरविलें. हाताखालच्या शिक्षकांस ती रुचेना. तेव्हां त्यानें आरंभीचा वर्ग एका आठ वर्षांच्या मुलाकडेच सोंपविला, व तो चालला. इ. स. १७९७ मध्यें त्यानें हा प्रयोग लंडनांत छापून प्रसिद्ध केला, आणि वाळूची पाटी विलायतेंतील गरिबांच्या शाळांत गेली. बेलचें नांव शिक्षणाच्या इतिहासांत राहिलें. ज्या मुलांपासून त्यानें ही रीत उचलली त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत.

धुळीनंतर लेखणी. दासबोधाच्या १९ व्या दशकाचा १ ला समास लेखनक्रियेवर आहे, हें वाचकांस विदित आहेच. तो मुलांकरितां लिहिलेला नाहीं. परंतु त्यांत लेखनाची पूर्वतयारी जितक्या बारकाईनें सांगितली आहे तितकी अन्यत्र क्वचितच आढळते. निरनिराळ्या देशींचे बारीक, सरळ व घट्ट बोरू मिळवावे, टांक तोडण्याचे प्रकार जाणावे, रेखाटणी करावी, शाई व हिंगूळ संग्रहीं ठेवावे, आणि कोवळ्या वयांत विशेष जपून लिहावें, असा त्याचा आशय आहे. ग्रंथाच्या आरंभींचें अक्षर व शेवटचें अक्षर एकाच टांकाचें वाटावें, ही समर्थांची कसोटी. आतां ज्यानें बोरू स्वतः तासला, टोंकास तिरपा छेद दिला, मधोमध चीर पाडली व काजळ आणि डिंक खलून शाई केली, त्यालाच झिजलेलें टोंक केव्हां सुधारावें व दाटलेली शाई कशी पातळ करावी हें कळणार. तयार टांक विकत मिळूं लागण्यापूर्वीं लिहिणाऱ्यास हीं कामें येणें भागच होतें. एकसारखें अक्षर हें अशा शेंकडों क्षुल्लक कामांचें फळ होय.

येथें एक सावधगिरी आवश्यक आहे. पंतोजींच्या शाळेचें गुणगान करण्याचा आमचा हेतु नाहीं. तेथें छडी होती, अर्थ न कळतां घोकणें होतें, आणि मुली व बहुसंख्य जातींचीं मुलें त्या ओसरीपर्यंत पोहोंचलींच नाहींत. धूळपाटीमागें बालमनाचें कांहीं शास्त्र होतें असेंही म्हणवत नाहीं. तें शास्त्र पुढें निराळ्या मार्गानें आलें. मारिया मॉन्टेसोरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम येथील सान लोरेंझो या गरीब वस्तींत बालगृह उघडलें. मुलांनीं गुंड्या लावाव्या, पाणी न सांडतां ओतावें, जागा झाडावी, आणि खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवावें, असा तेथील क्रम. हात आधीं, पुस्तक मागून, हें तत्त्व त्यांनीं प्रयोगानें सिद्ध केलें. त्यांनीं तें आपल्याकडून घेतलें असें म्हणण्यास आधार नाहीं; साम्य मात्र डोळ्यांत भरण्यासारखें आहे.

महाराष्ट्रांत या दोन प्रवाहांचा संगम ताराबाई मोडक यांच्या कार्यांत दिसतो. इ. स. १९२३ पासून भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्या सहवासांत बालशिक्षणाचा अनुभव घेऊन त्यांनीं इ. स. १९४५ मध्यें बोर्डी येथें व इ. स. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें ग्रामीण व आदिवासी मुलांत काम केलें. परदेशी महाग साधनें तेथें परवडणारीं नव्हतीं. शंख-शिंपले, खडे, बिया, पानें यांवर मोजणें व जुळविणें शिकवावें, हात-तोंड धुणें व अंगण झाडणें हाच पहिला धडा मानावा, अशी त्यांची दृष्टि होती. ओसरीवरील वाळूशीं या अंगणाचें नातें सरळ वंशाचें नसलें तरी गरजेचें आहे. आणि जीं मुलें जुन्या ओसरीबाहेर राहिलीं त्यांच्याच दारीं हें शिक्षण गेलें, हा त्यांतील मोठा भेद होय.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. रुमालांतून मुलांचे कित्ते, गिरविलेले बंद, अर्धवट पाढे, पुसट बाराखड्या निघतात आणि बहुधा रद्दींत जातात. जुन्या फळ्या सरपणांत व दौती मोडींत. पुढील अभ्यासकास सनदेच्या नकला पुष्कळ मिळतील. सहा-सात वर्षांच्या मुलाचा चुकलेला 'क' मिळणार नाहीं. ज्यांच्या संग्रहीं असें कांहीं असेल त्यांनीं तें कोठें सांपडलें याची नोंद करून जपावें. धुळींतील अक्षर गेलें तें गेलेंच. कागदावर उतरलेलें तरी आपल्या हातून जाऊं नये.