डी क्राइफ, पॉल

(२ मार्च १८९० – २८ फेब्रुवारी १९७१). अमेरिकन सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ, वैद्यकीय पत्रकार व विज्ञानलेखक. मिशिगन राज्यातील झीलंड या डच वस्तीच्या गावी जन्म. मिशिगन विद्यापीठात फ्रेडरिक नोव्ही या कडक शिस्तीच्या गुरूच्या हाताखाली १९१६ मध्ये डॉक्टरेट. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये असताना त्यांनी सैनिकांच्या जखमांत होणाऱ्या गॅस गँगरीनवर काम केले. १९२० मध्ये ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत दाखल झाले.

तेथील नोकरी त्यांच्या लेखणीने घालवली. अमेरिकेतील वैद्यकव्यवसाय विज्ञानाचा आव आणतो, पण पुराव्याशिवाय उपचार करतो, अशी झोड त्यांनी एका लेखसंग्रहातील निनावी प्रकरणात उठवली. लेखक कोण, हे उघड होताच १९२२ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी ‘अवर मेडिसिन मेन’ हे त्यांचे पहिले पुस्तक निघाले आणि पुढे लेखणीवरच त्यांचा चरितार्थ चालला.

कादंबरीकार सिंक्लेअर लुईस तेव्हा डॉक्टर-नायकाच्या शोधात होते. दोघांनी कॅरिबियन समुद्रात एकत्र प्रवास केला. प्लेगची साथ, जंतुभक्षक विषाणूंचा प्रयोग, प्रयोगशाळेतले हेवेदावे असा सारा ऐवज डी क्राइफ यांनी पुरवला. त्यातून ‘अ‍ॅरोस्मिथ’ (१९२५) ही कादंबरी झाली. त्यांना रॉयल्टीचा चौथा हिस्सा मिळाला, मुखपृष्ठावर मात्र नाव फक्त लुईस यांचे राहिले.

‘मायक्रोब हंटर्स’ (१९२६) हे त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक. लेव्हेनहूकपासून पॉल एर्लिखपर्यंतच्या संशोधकांच्या कथा त्याच्या बारा प्रकरणांत आहेत. संशोधकाला संतपद न देता त्याचा हट्ट, मत्सर, चुका आणि वेड यांसकट उभे करायचे, ही डी क्राइफ यांची खरी देणगी. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक पावसाच्या पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव पाहतो आणि उत्तेजित होऊन मुलीला हाक मारतो. हे सारे आपण त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहत आहोत, असे वाचताना वाटते. मात्र असे संवाद कोणत्याही दप्तरात सापडत नाहीत, ते लेखकाने रचले आहेत. कथा म्हणून ते प्रभावी असले, तरी इतिहास म्हणून त्यांवर विसंबता येत नाही. आफ्रिकेतील लोकांविषयीची पुस्तकातील भाषा तर अपमानास्पद आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही.

भारताशी जोडलेले प्रकरण हिवतापाचे आहे. रोनाल्ड रॉस यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या जठरभित्तीत हिवतापाचे परोपजीवी पाहिले आणि पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांमधील हिवतापावर प्रयोग केले. मानवी हिवतापाच्या शोधाचे श्रेय कोणाचे, यावरून इटलीच्या जोव्हानी ग्रासी यांच्याशी त्यांचा जुंपलेला वाद डी क्राइफ यांनी जराही न झाकता रंगवला. रॉस यांनी बदनामीच्या दाव्याची धमकी दिल्यामुळे ब्रिटिश आवृत्तीतून हे प्रकरण गाळावे लागले.

या पुस्तकाने अनेक तरुण संशोधनाकडे वळले. दंतवैद्यकाचा अभ्यास सोडून वैद्यकाकडे गेलेले आल्बर्ट सेबिन हे त्यांपैकी एक. भारतात बालकांना पाजले जाणारे पोलिओचे थेंब म्हणजे याच सेबिन यांच्या लशीची देणगी. पोलिओशी खुद्द डी क्राइफ यांचाही संबंध आला. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या वाढदिवसानिमित्त भरणाऱ्या नृत्यसमारंभांतून जमलेला निधी संशोधनाला देणाऱ्या समितीचे ते चिटणीस होते. तिने मॉरिस ब्रॉडी यांच्या लशीला पैसा पुरवला. १९३५ मध्ये मुलांवरील या लशीच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. लिहिताना जी घाई शोभून दिसे, ती लशीच्या बाबतीत महागात पडणारी होती.

मंदीच्या काळात त्यांचा सूर पालटला. पत्नी ऱ्हिया यांच्या सहकार्याने लिहिलेल्या ‘व्हाय कीप देम अलाइव्ह?’ (१९३६) मध्ये, उपाय हाताशी असूनही ते गरिबांच्या मुलांपर्यंत का पोहोचत नाहीत, असा रोखठोक सवाल त्यांनी केला. सरकार आणि समाज दोघांनाही घेरणारे हे पुस्तक ‘मायक्रोब हंटर्स’च्या तुलनेत विस्मरणात गेले, हा त्यावर अन्यायच म्हटला पाहिजे. याउलट ‘द मेल हॉर्मोन’ (१९४५) मध्ये टेस्टोस्टेरॉनचे केलेले गुणगान भाबडे होते. बाजारू दाव्यांवर तुटून पडणाऱ्या लेखकाकडून ते अपेक्षित नव्हते.

‘लेडीज होम जर्नल’ आणि ‘रीडर्स डायजेस्ट’मधूनही त्यांनी विपुल लिहिले. ‘द स्वीपिंग विंड’ (१९६२) हे आत्मचरित्र. मिशिगनमधील हॉलंड येथे त्यांचे निधन झाले.