असल, नक्कल आणि इतिवृत्त

श्रीरामपूर हे तसे अर्वाचीन गाव. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 साली सुरू झाला, त्या वेळी प्रवरातीरीच्या जुन्या बेलापूरच्या नावाने जे स्थानक बांधले गेले, त्याच्या आसऱ्याने वसलेली ही पेठ पुढे भंडारदऱ्याच्या धरणाचे पाणी कालव्यांतून शिवारात खेळू लागल्यावर आणि हरेगाव व टिळकनगर येथे साखरेचे कारखाने उभे राहिल्यावर शहराच्या पदवीस पोहोचली. स्थानकाने मात्र बेलापूर हेच नाव राखले. अशा नव्या गावात सरदारांचे चौसोपी वाडे नाहीत, आणि वाडे नाहीत म्हणून माळ्यावर रुमालांत बांधून ठेवलेली पिढीजाद दप्तरेही नाहीत. पण भोवतालचा मुलूख पुरातन आहे. पूर्वेस नेवासे, जेथे शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. दक्षिणेस राहुरी तालुक्यात ताहराबाद, जेथे महिपतींनी संतांची चरित्रे ओवीबद्ध केली. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नगर, जेथे निजामशाहीची राजधानी होती व जेथील जिल्हा वाचनालय 1838 सालापासून चालत आलेले आहे. या मुलखाचा इतिहास श्रीरामपूरच्या वाचकास ठाऊक झाला तो वाचनालयाच्या कपाटातील छापील ग्रंथांवरून. आणि ते ग्रंथ ज्यांच्या खटपटीने छापले गेले, ती जुने कागद व पोथ्या गोळा करणारी मंडळी, त्यांच्या सभा, त्यांची इतिवृत्ते व त्यांचे जमाखर्च हा या लेखाचा विषय आहे.

ग्रंथसंग्राहकांनी एकत्र येऊन मंडळ स्थापावे आणि त्या मंडळाने आपले ग्रंथ छापावे, ही रीत युरोपात चांगलीच जुनी आहे. लंडनमध्ये 1812 साली रॉक्सबर्गच्या ड्यूकचा ग्रंथसंग्रह लिलावात निघाला. त्यात 1471 साली छापलेल्या बोकाचिओच्या कथाग्रंथाची एक प्रत 2260 पौंडांस गेली, आणि त्या विक्रमी बोलीच्या उत्साहात जेवणास जमलेल्या धनिक संग्राहकांनी रॉक्सबर्ग क्लब स्थापन केला. प्रत्येक सभासदाने एखादा दुर्मीळ ग्रंथ स्वखर्चाने छापून इतर सभासदांस द्यावा, असा त्या क्लबाचा दंडक पडला. न्यूयॉर्क येथे 1884 साली निघालेला ग्रोलिए क्लब हा त्याच कुळातला. त्यानेही उत्तम छपाईचे ग्रंथ काढले आणि आपल्या सभांचे व प्रदर्शनांचे कागद जपून ठेवले. या मंडळींस ग्रंथाची दुर्मीळता, बांधणी आणि छपाई प्रिय होती, व तो छंद परवडण्याइतकी संपत्तीही त्यांच्यापाशी होती.

महाराष्ट्रातील संग्राहकांची प्रेरणा मात्र निराळ्या परिस्थितीतून उत्पन्न झाली. पेशवाईचे प्रचंड दप्तर इंग्रज सरकारच्या कबजात गेले होते आणि खासगी अभ्यासकास तेथे सहजी प्रवेश नव्हता. जे कागद सरदार, मुत्सद्दी, देशमुख आणि कुलकर्णी यांच्या घरी राहिले, त्यांचीही अवस्था बिकट होती; कारण इनाम कमिशनने गावोगावच्या सनदांची झडती घेतल्यापासून कागद म्हणजे वतनाचा दाखला, तो परक्याच्या दृष्टीस पडू देऊ नये, अशी धास्ती घराघरांत बसली होती. एकीकडे सरकारी कुलूप आणि दुसरीकडे घरची गाठ, अशा पेचात सापडलेला इतिहास वाळवीच्या तोंडी जात असता, बेलापूरच्या स्थानकात पहिली गाडी आली त्याच 1878 साली, पुण्यात 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक निघाले. काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर या तिघांनी बखरी, पत्रे, याद्या आणि जुनी कविता मिळेल तेथून मिळवून महिन्याच्या महिन्याला वर्गणीदारांच्या हाती द्यावयास आरंभ केला, आणि हा उद्योग सुमारे दशकभर चालला. सान्यांनी संपादिलेली सभासदाची बखर व भाऊसाहेबांची बखर यांवर पुढच्या कित्येक पिढ्या पोसल्या. आपल्याकडील संग्राहक हा असा आरंभापासूनच प्रकाशक होता; कारण कागद घरमालकास परत द्यावयाचा असे, आणि संग्रही राहावयाची ती त्याची छापील नक्कल.

हा उद्योग तिघांच्या हौसेवरून संस्थेच्या शिस्तीवर आणण्याचे काम विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी केले. वाई येथे मिळालेल्या पत्रांवरून सिद्ध केलेला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड 1898 साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे त्या मालेचे 22 खंड निघाले. गावोगाव पायपीट करून, हाताने स्वयंपाक करून आणि वतनदारांच्या ओसरीवर मिनतवाऱ्या करून मिळवलेल्या या कागदांस कायमचे घर हवे, तसेच ते तपासावयास, वाचावयास आणि त्यांवर वाद घालावयास चार जाणती माणसे हवीत, हे अनुभवाने पटल्यावर 7 जुलै 1910 रोजी, म्हणजे शके 1832 च्या आषाढ शुद्ध प्रतिपदेस, राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. मंडळाचा संसार आरंभी मेहेंदळ्यांच्या वाड्यातच थाटलेला होता. मतभेद होऊन राजवाडे पुढे मंडळापासून दूर झाले; तथापि दत्तो वामन पोतदार, दत्तात्रेय विष्णु आपटे, शंकर नारायण जोशी, गणेश हरि खरे अशा पुरुषांनी मंडळाचा गाडा पुढे नेला.

मंडळाच्या प्रकाशनांत सामान्य वाचकाचे लक्ष साहजिकच मोठ्या ग्रंथांकडे जाते. परंतु आरंभीच्या वर्षांतील वार्षिक इतिवृत्ते, संमेलनवृत्ते आणि 1920 साली सुरू झालेले त्रैमासिक हीच मंडळाची खरी रोजकीर्द होय. सभेत कोणी कोणते टिपण वाचले, त्यावर कोणी कोणता आक्षेप घेतला, कोणत्या गावच्या कोणत्या घराण्याने कागद दिले, संग्रहात काय जमा झाले, या गोष्टी तेथे कारकुनी काटेकोरपणाने नमूद होत गेल्या. आज शंभर वर्षांनी ही टाचणे चाळणारास दोन इतिहास एकाच वेळी वाचावयास मिळतात: एक कागदातील, आणि दुसरा तो कागद हुडकणाऱ्या पिढीचा. वकील, शिक्षक, पेन्शनर, संस्थानी कारभारी, शास्त्री अशी ही पिढी होती. द्रव्यबळ बेताचे, पण वादात कोणी कोणास हार जात नसे.

या मंडळींचे काम किती जिकिरीचे होते, याची कल्पना एका साध्या पत्रावरून येईल. रुमालाची गाठ सोडली की घड्यांवर चिरलेला जुन्नरी किंवा दौलताबादी कागद हाती येतो. ओळीच्या डोक्यावरून सरळ ओढलेली रेघ, तिच्याखाली बोरूने न उचलता लिहिलेली मोडी, आणि शाई वाळावी म्हणून टाकलेल्या वाळूचे क्वचित चिकटून राहिलेले कण. शेवटी मिती म्हणून 'छ 12 जिल्हेज' एवढेच! चंद्र कितवा आणि महिना कोणता हे कळले. वर्षाचा पत्ताच नाही, कारण लिहिणारास व वाचणारास चालू साल ठाऊकच होते. नशीब बलवत्तर असेल तर कागदावर 'खमस सबैन मया व अलफ' असा अरबी शब्दांत सुहूर सन असतो. पाच, सत्तर, शंभर आणि हजार मिळून 1175, त्यात 599 मिळवले की 1774 हे इसवी साल निघते, आणि मृगापाशी पालटणारे ते वर्ष 1775 च्या मृगापर्यंत चालते. याच सुमारास ताहराबादेस महिपतींचे 'भक्तलीलामृत' सिद्ध झाले. सनच नसेल, तर पत्रातील लग्न, मोहीम, मृत्यू किंवा पाऊसपाणी यांचा मेळ दुसऱ्या पत्राशी घालावा, जंत्रीत वार जुळतो का ते पाहावे, आणि मग वर्ष ठरवावे. एकट्याने केलेली ही गणना चुकण्याचा संभव फार. म्हणून ती सभेपुढे मांडावी, इतरांनी उलटतपासणी करावी, आणि ठरले ते व न ठरले तेही छापावे, ही मंडळाची वहिवाट पडली.

या वहिवाटीचे सर्वांत मोठे फळ म्हणजे जेधे शकावली. शिवाजी महाराजांचा जन्म शके 1549 च्या वैशाखात झाला, असे बखरींच्या आधारे पुष्कळ काळ मानले जात होते. भोरजवळील कारी गावच्या जेधे देशमुखांकडून लोकमान्य टिळकांस एक जुनी शकावली मिळाली. तीत जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630 अशी होती. टिळकांनी ती 1916 साली मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात प्रसिद्ध केली. कागद कोणाच्या घरचा, कोणी दिला आणि कोणी छापला हे उघड असल्यामुळे वाद झाला तो मजकुरावर झाला, कागदाच्या असलपणाविषयी नुसत्या वावड्या उठवून तो निकालात काढता आला नाही. पुढे सदाशिव महादेव दिवेकर यांनी तंजावरास मिळालेल्या कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'ची प्रत हुडकून 1927 साली ते काव्य प्रसिद्ध केले; त्यातील जन्मतिथीने शकावलीस दुजोरा दिला, आणि आज महाराष्ट्र सरकार जी तारीख पाळते ती हीच होय.

धुळ्याचा दाखलाही असाच बोलका आहे. तेथील शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1893 साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापून समर्थ संप्रदायाच्या मठामठांतून बाडे मिळवली, आणि डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या पोथीवरून 'दासबोध' 1905 साली छापला. धुळ्यासच 31 डिसेंबर 1926 रोजी राजवाड्यांचे देहावसान झाले, आणि लगेच पुढच्या जानेवारीत त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहून त्यांच्या कागदांस व टिपणांस आश्रय मिळाला. ठाण्यात विनायक लक्ष्मण भाव्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या उभारणीस हातभार लावून 'महाराष्ट्र कवि' या मासिकातून जुनी कविता मूळ पोथ्यांबरहुकूम छापली.

याच राजवाड्यांचा एक ग्रंथ मात्र उलट बाजूची साक्ष देतो, आणि त्याचा संबंध आमच्या शेजारच्या नेवाशाशी असल्यामुळे तो येथे सांगणे प्राप्त आहे. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. त्याहून प्राचीन अशी पोथी आपणांस बीडकडील पाटांगण येथे मिळाली, असे सांगून राजवाड्यांनी तिच्या आधारे 1909 साली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. पाठ विलक्षण होते, भाषेची रूपे जुनी होती, आणि त्यांवर राजवाड्यांनी व्याकरणाची प्रचंड इमारत उभारली. पण ती मूळ पोथी पुढे अभ्यासकांस पाहावयास मिळाली नाही. मंडळ निघण्यापूर्वीचे हे काम. तेव्हा पोथीची नोंद कोणत्या इतिवृत्तात नाही, तिचे परीक्षण कोणत्या सभेत झालेले नाही, आणि संग्रहात तिला क्रमांक नाही. परिणामी राजवाड्यांसारख्या निःस्पृह पुरुषाचा शब्द असूनही त्या संहितेविषयी विद्वानांत जो संशय उत्पन्न झाला, तो पुरता फिटला नाही. पुढे राज्यशासनाने तीच संहिता छापली, तरीही नाही. जेध्यांच्या घरच्या मोजक्या पानांस जे प्रामाण्य लाभले, ते मराठीतील सर्वश्रेष्ठ ग्रंथाच्या या प्रतीस लाभू नये, याचे कारण व्यक्तीच्या योग्यतेत नाही, दप्तराच्या अभावात आहे.

या मंडळ्यांचे दोष झाकण्याचे कारण नाही. त्यांची दृष्टी पुष्कळदा राजकारण, मोहिमा आणि थोर घराणी यांवर खिळलेली असे; बलुतेदाराची यादी, बाजाराचा निरख, बायकांची पत्रे यांस त्यांच्या पानांत दुय्यम जागा मिळाली. फारसी कागदांकडेही आरंभी दुर्लक्ष झाले, ते खऱ्यांच्या 'ऐतिहासिक फारसी साहित्य' या मालेने पुढे बऱ्याच अंशी भरून काढले. पण हे दोष तरी आपणांस कशावरून कळतात? कोणते कागद आले आणि कोणते आले नाहीत, याची यादी मंडळानेच ठेवली म्हणून कळतात.

श्रीरामपुरास ग्रंथप्रकाशन अपरिचित नाही. सुमती लांडे यांच्या शब्दालय प्रकाशनाने याच गावातून मराठी कवितेची व वैचारिक गद्याची पुस्तके आणि दिवाळी अंक काढून महाराष्ट्रभर पोहोचवले आहेत. उणीव आहे ती यादीची. बेलापूर, राहुरी, नेवासे या टापूतील जुन्या घरांत महजर, वतनपत्रे, हरिदासांची बाडे आणि पोथ्या असतील. आणि श्रीरामपुराचा स्वतःचा इतिहास तर पाटपाण्याच्या पावत्या, कारखान्याच्या ऊसनोंदी, अडत्यांच्या खतावण्या आणि वाचनालयांची सभावृत्ते यांतच आहे, ज्यास जुना कागद म्हणण्याची आपणांस अजून सवय नाही. ज्याच्या घरी असे काही असेल त्याने ते रद्दीत घालण्यापूर्वी त्याची साधी फेरिस्त करावी, कागद कोणाचा व कोठून आला ते वर तारखेनिशी लिहावे, एक नक्कल घरी ठेवावी, आणि असल कागद नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयासारख्या किंवा पुण्याच्या मंडळासारख्या संस्थेकडे पोच घेऊन सुपूर्त करावा. ती पोचही जपून ठेवावी. पुढच्या अभ्यासकास तिची गरज कागदाइतकीच पडणार आहे.